हरणीची दुपार

हरणी फुगली होती आणि गाभण राहत नव्हती. दोनदा भरवली, दोनदा उलटून पुन्हा माजावर आली. पाठीवरून हात फिरवला तर बरगडी लागत नव्हती, शेपटीच्या मुळाशी चरबीचे गोळे आले होते. वरवंडच्या त्या वस्तीवर येणारा-जाणारा म्हणायचा, काय गाय सांभाळलीय! शितल ऐकून घ्यायची. दूध आटलेली आणि गाभण नसलेली गाय कितीही देखणी असली तरी तिचे दिवस भरत आलेले असतात, हे तिला कळत होतं.

हरणी कालवड होती तेव्हा शितलच्या आईनं, शेवंताबाईंनी, ती मांडवगण फराट्याहून धाडली होती. लेकीच्या नावचं दारात काहीतरी असावं म्हणून. गाय शितलची होती. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कबूल कोणालाच नव्हतं.

शितल कुरकुंभच्या कंपनीत पॅकिंगला होती. तांबडं फुटायच्या आत बस गाठायची. त्याआधी शेणघाण, भाकऱ्या, आणि निघता निघता हरणीपुढं दिवसभराची पेंड आन् भरडा, सगळा एकदम. का, तर दुपारी टाकायला कोणी नव्हतं. म्हणजे माणसं होती. सासरे तात्याबा पारावर पत्ते पिसत असायचे. नवरा ईश्वर कुठल्यातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर बांधत असायचा, कोपऱ्यात स्वतःचा अंगठ्याएवढा फोटो घेऊन. घरात मोकळे हात चार होते, पण खुराकाच्या पाटीला एकही लागत नव्हता.

शितलचं खाणंही तसलंच. पहाटे घोटभर चहा, आणि रात्री बापलेकाचं उरकल्यावर एकदम ताट भरून. अंग सुटत चाललं होतं. ईश्वर चारचौघांत दात काढायचा, "जशी मालकीण तशी गाय. खाताना दिसत न्हाईत, आन् फुगत्यात मात्र बरोबरीनं."

रविवारी तिसऱ्यांदा गाय भरवायला डॉक्टर हर्षदा आल्या. त्यांनी हरणीच्या कमरेवर हात दाबून पाहिला आणि पेटी उघडलीच नाही.

"आत्ता भरवून उपयोग नाही. चरबी फार झालीय. खुराक किती वेळा देता?"

"एकदाच. पहाटं," शितल म्हणाली.

"मग कमी करा की तिचा," तात्याबा खाटेवरून बोलले. "खादाड झालीया."

"पेंड थोडी कमी कराच. पण एकदम ओतू नका, चार वेळा वाटून द्या. एकदम खुराक पडला की पोट आंबतं. उंदरांवर प्रयोग झालेत. तेवढंच अन्न एकाच वेळी खाणाऱ्यांच्या अंगावर चरबी जास्त चढली. गाईचं पोट निराळं, तिचं अगदी तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण करून बघा."

शितलनं खाली मान घालून ते ऐकलं. गाईबद्दल ऐकलं, आणि स्वतःच्या ताटाबद्दलही.

डॉक्टरांची गाडी वळली तोच दारात टेम्पो लागला. शिरूरचा व्यापारी पोपटराव. ईश्वरनं बोलावलं होतं.

"गाय कुठं जाणार?" शितलनं विचारलं.

पोपटराव गालातल्या गालात हसला. "ताई, गाय जाती तिथं."

ते कुठं, हे अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गोमाता गोमाता म्हणत मिरवणुकीत नाचणाऱ्या ईश्वरलाही. तो दाव्याला हात घालू लागला तशी शितल मध्ये उभी राहिली.

"हात लावू नका. गाय माझी हाय. पोपटमामा, तुम्ही मालकिणीला इचारलं न्हाई, टेम्पो रिकामा न्या."

"आन् चार वेळा चारणार कोण? तुझा बाप?" ईश्वर म्हणाला.

"माझा न्हाई. तुमचा." ती सासऱ्यांकडं वळली. "मामा, तुमची बैलं होती तवा वैरण किती येळा टाकायचा?"

तात्याबांची मान आपोआप ताठ झाली. "सकाळी, दुपारी, दिस मावळता, निजताना. हातानं चारायचो. एकदम ढीग टाकला की जनावर सुस्तावतं."

"म्हंजी घरात समद्यांना ठावं होतं!"

"बैलाची गोष्ट निराळी. गाय बायामाणसांचं काम."

"मग ऐका. मी चार पाट्या भरून ठेवीन. पहाटंची आन् संध्याकाळची माझी. दुपारची तुमची, निजायची ह्यांची. तिची दुपार चुकली, तर तुमची संध्याकाळ चुकली. तिला एकदाच, तर समद्यांना एकदाच."

पोपटरावानं गाडी सुरू केली. घरातलं भांडण विकत घेत नाही म्हणाला.

सोमवारी ती कामावरून आली तर पाटी जशीच्या तशी. तिनं हरणीला चारलं, हातपाय धुतले आणि उंबऱ्यात बसून राहिली. चूल थंड. तिनं डबा नेला होता, दुपारी पोटभर खाल्लं होतं.

"भाकरी?" ईश्वर म्हणाला.

"एकदाच खाऊन बघा. चरबी चढती का सांगा."

ईश्वर पाय आपटत हायवेच्या ढाब्यावर गेला. तात्याबांना ढाब्यावर जायची लाज, चार लोक विचारतील. रात्रभर कूस बदलत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारची पाटी रिकामी होती. पारावर लोक चेकाळले, "तात्याबा, सुनेनं दावणीला बांधलं वाटतं!" तात्याबा गरजले, "बैलं राखलेला माणूस हाय मी! तुमच्यासारखा कोंबड्या हाकलणारा न्हाई!" ईश्वरनं आणखी काही दिवस ढाब्यावर भागवून पाहिलं. तेलानं पोट बिघडलं तेव्हा निजायच्या वेळची पाटी गपगुमान उचलली.

थंडी सरता सरता हरणीच्या बरगड्यांची रेघ दिसू लागली. ती माजावर आली, डॉक्टरांनी भरवली, आणि या वेळी उलटली नाही. पुढं तपासायला आल्या तेव्हा त्यांनी खांद्यापर्यंतचा हातमोजा सोलून काढत सांगितलं, "गाभण आहे."

"व्हणारच," तात्याबा पुढं सरसावले. "चार येळा चारतोय मी. शास्त्र हाय ते."

डॉक्टरांनी शितलकडं पाहिलं. शितल हसलीही नाही, चिडलीही नाही.

"व्हय, मामांचीच किमया," ती म्हणाली. "आता गाभण गाईचंबी तेच बघणार. मामा, दुपार झाली. उठा."

तात्याबा उठले.