उभ्यानं खायची चपाती

शालूबाईनं चपातीची सुरळी केली आणि आम्हा सगळ्या बायकांची दुपारची सुट्टी गेली. त्यावरून सयाजीआण्णाच्या भुईमुगात जी तोंडातोंडी झाली, तिच्यात मीही होते. त्या दिवशी शालूबाईला आम्ही काय काय बोललो, ते सगळं लिहायचं म्हटलं तर शेजारपाजारच्या पोरींसमोर वाचता यायचं नाही.

दुष्काळ सरला होता, पाऊस चांगला लागला होता, पण घरातली जोंधळ्याची कणगी रिकामीच होती. रेशनला लालसर गहू मिळायचा. एरवी सणाला किंवा पावणं आलं तरच आमच्याकडं चपाती व्हायची. त्या साली ती रोजची झाली, आणि रोजची झाल्यावर आम्ही तिला शिव्या द्यायला लागलो. त्या गव्हाची चपाती तव्यावर असताना मऊ, आणि शेतात जाईपर्यंत जुन्या पायताणागत. जयसिंगपूरच्या बाजाराला गेलेला माणूस पिशवीभर जोंधळा घेऊन आला, तर लोक त्याच्याकडं नवरदेवाकडं बघावं तसं बघायचे.

मी तेव्हा नवी नवरी. सासूबाईंनी मला लालबीच्या हाताखाली भांगलायला, तण काढायला, लावून दिलं होतं. लालबी आमच्या टोळीची म्होरकी. कुणाच्या शेतात कधी जायचं, पिकाची कुठली ओळ, म्हणजे पात, कुणी धरायची, सगळं ती ठरवायची. अंगानं काटकुळी, पण आवाज असा, की ह्या बांधावरून हाक दिली की पल्याडच्या शिवारातलं बैल थांबायचं.

शालूबाईचं पोर पाच-सहा महिन्यांचं होतं. तिची सासू दुपारी त्याला घेऊन बांधावरच्या आंब्याखाली यायची. आम्ही जेवायला बसलो की शालूबाई पोराला अंगावर घ्यायची. एक हात पोराखाली, मग दुसऱ्या एका हातानं चपाती मोडायची कशी आणि कालवणाला लावायची कशी? पोर लाथा झाडायचं, कालवण लुगड्यावर सांडायचं. शेवटी तिनं घरीच चपातीला खरडा फासून, वर झुणका पसरून तिची घट्ट सुरळी वळायला सुरुवात केली. खालचं टोक दुमडायचं, म्हणजे झुणका गळत नाही. एका हातात पोर, एका हातात सुरळी. आम्ही हसलो, आणि आठ दिवसांत सगळ्याच सुरळ्या वळून आणायला लागलो. भांडी घासायला नकोत, डबा सांभाळायला नको. गार चपाती मोडताना बोटं दुखायची, तेही वाचलं.

इथवर सगळं गोड होतं.

एके दिवशी उत्तरेकडून आभाळ भरून आलं. पाऊस यायच्या आत पात संपवू, मग पोराजवळ निवांत बसता येईल, असा हिशेब करून शालूबाईनं काय केलं, तर सुरळी काढली, डाव्या हातात धरली आणि उजव्या हातानं खुरपं चालवत चालवत खायला लागली. नेमका सयाजीआण्णा तेव्हाच विहिरीवरच्या खोपीतून जेवून बाहेर आला. तो बघतच राहिला. सासरा सुनेचं कौतुक करणार नाही, एवढं त्यानं शालूबाईचं केलं. बाई असावी तर अशी, म्हणाला. आम्हाला वाटलं, बरं झालं, आपल्यातल्या एकीला मालक चांगलं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णानं सांगितलं, की आता दुपारची सुट्टी बंद. ज्यानं त्यानं आपापली सुरळी पातीवरच खायची, आणि त्याबदल्यात सांजच्याला लवकर घरी जायचं. ऐकायला बरं वाटलं. पण सांज झाली की आण्णाला काहीतरी आठवायचं. उपटलेलं तण बांधावर टाकायचं राहिलं, मिरचीच्या कडेचा हराळीचा पट्टा राहिला. दिवस बुडताना जे घर गाठायचो, ते तसंच राहिलं. दुपार तेवढी गेली.

त्यात सगळ्यात जास्त मरण शालूबाईचं झालं. सासू पोराला घेऊन आंब्याखाली यायची, पोर रडून रडून निळं व्हायचं, आणि शालूबाई पातीवर. तिकडं जायला उठली की आण्णा बांधावरून म्हणायचा, "शालूबाई, तुझं बघून तर आमी ह्ये चालू केलं, आणि आता तूच उटतीस व्हय?" तिची चोळी दुधानं भिजायची. एक दिवस पोराला ताप आला. सासू म्हणाली, वरचं दूध पाजावं तर ते आणायचं कुठनं, आणि उद्यापासनं मी काय त्याला उन्हापावसात घेऊन यायची न्हाय.

त्याच दिवशी आम्ही भांडलो. म्हणजे शालूबाईचं पोर तापलेलं, आणि आम्ही तिलाच बोलत होतो. तुला कुणी शाणपणा सांगितला होता, तुझ्या सुरळीनं आमची कंबर मोडली, असलं काय काय. ती खुरपं चालवत राहिली आणि तिच्या नाकावरून पाणी गळत राहिलं.  लालबीनं खुरप्याचा चिखल बोटानं निपटला आणि म्हणाली,

"उद्या समद्यांनी आमटी आणायची. हुलग्याची. चांगली पातळ."

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तशी लालबी उठली, आंब्याखाली गेली आणि किटलीतली आमटी जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, वाटीत ओतून बसली. मागोमाग आम्ही. शालूबाईनं सगळ्यात आधी पोराला घेतलं. लालबीनं सासूला निरोप धाडून त्याला आणवलंच होतं. आण्णा तरातरा आला. ही काय नवी तऱ्हा म्हणून विचारायला लागला. लालबी चपातीचा तुकडा आमटीत बुडवत म्हणाली, की आमटी काय पातीवर उभ्यानं पिता येत न्हाय, वाटी खाली टेकवावीच लागते.

"मग लवकर उरका की."

"आण्णा, रेशनची चपाती हाय. भिजायला येळ लागतो."

आणि खरंच लागायचा. आम्ही तुकडे आमटीत टाकून बसलो. आण्णा आमच्या वाट्यांकडं बघत उभा. पूर्वीच्या सुट्टीपेक्षा त्या दिवशी जास्तच वेळ गेला.

सांजच्याला त्यानं सांगून टाकलं. उद्या जी आमटी घेऊन येईल, तिनं आल्या पावली परत जायचं. शिरोळच्या बाजूनं दुसऱ्या बाया आणतो. लालबीनं मान हलवली. वाटेत ती म्हणाली, हंगामात कुणाच्या बाया मोकळ्या हायत, त्ये बघू दे की त्याला. पण मी घरी सासूबाईंना काय सांगणार होते? आणि शालूबाईच्या घरात तर तिचाच हात चालता होता. नवरा पडून होता.

तरी आम्ही आमट्या घेऊन गेलो. सकाळी किटल्या झुडपात ठेवल्या. दुपारी लालबी उठली, आम्ही उठलो आणि आंब्याखाली जाऊन बसलो; शालूबाईची सासू पोराला घेऊन आलीच होती. आण्णाही खोपीतून उठला आणि आमच्याकडं चालायला लागला. त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं, की आज तो बोलून थांबणार नाही.

तेवढ्यात पायवाटेनं त्याची बायको आली. बयाबाई. आम्ही तिला वैनी म्हणायचो. ती रोज डोक्यावर बुट्टी घेऊन चिखल तुडवत यायची. बुट्टीत ताट, दोन वाट्या, भात, पाण्याचा तांब्या. नवऱ्याचं जेवण होईपर्यंत खोपीच्या दारात उभी राहायची, आणि भांडी विसळून तोच डोंगर पुन्हा डोक्यावर घेऊन जायची. ह्या सगळ्या दिवसांत तिनं शालूबाईचं रडतं पोर दोन-तीनदा उचलून घेतलं होतं, पण तोंडातनं शब्द काढला नव्हता. त्या दिवशी तिच्या डोक्यावर बुट्टी नव्हती. पदराखालून तिनं फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि वाटेतच नवऱ्याच्या हातात दिलं.

आण्णानं फडकं सोडलं. आत चपातीच्या दोन सुरळ्या.

"ताट कुठाय?" तो म्हणाला.

"ताट कशाला?" वैनीचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता, पण आम्हाला स्पष्ट ऐकू आला. "रोज रातच्याला तुमीच सांगतासा की. उभ्यानं खाल्लं तर येळ वाचतो, भांडी न्हाईत, कामाला खोटी न्हाय. म्हटलं, बायास्नी चालतंय, मग आपल्याला का न्हाय?"

आण्णा आमच्याकडं बघायला लागला, मग तिच्याकडं. माणसाला जेवायला बसावं लागतं, एवढं एकच वाक्य त्याला बोलायचं होतं. ते बोलला असता तर ताट मिळालं असतं, पण आंब्याखालच्या सगळ्या बायका कान देऊन बसल्या होत्या, आणि मग तेच आमच्यासाठीही कबूल करावं लागलं असतं.  त्यानं सुरळी उचलून तोंडात घातली.

वैनी मात्र सरळ आंब्याखाली आली, लालबीजवळ मांडी घालून बसली आणि म्हणाली, "लालबी, मला बी घाल की वाईच आमटी. घरातनं न जेवता आलीया."

लालबीनं आपली वाटी तिच्यापुढं सरकवली आणि स्वतः किटलीच्या झाकणात ओतून घेतलं. शालूबाईनं पोराला पदराखाली घेतलं. बाईमाणूस पोर पाजतंय म्हटल्यावर आण्णाला तोंड फिरवून उभं राहावं लागलं. बायांना हाकलायला म्हणून तो तिथं आला होता, आणि आता त्याची आमच्याकडं पाठ होती. त्यानं खालचं टोक दुमडायला हवं, हे वैनीनं त्याला सांगितलं नव्हतं. खरड्याचं तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत चाललं होतं, आणि पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीला लागू नये म्हणून त्यानं हात उंच धरला होता.

"आण्णा," लालबीनं हाक मारली, "या की, बसा घटकाभर. आमटी हाय."

"न्हाय, माझं झालंया," तो पाठमोराच म्हणाला. तोंडात घास होता.

शालूबाईनं पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं. आम्ही चपात्यांचे तुकडे आमटीत टाकले आणि ते भिजायची वाट बघत बसलो.