विष बाहेर पडतंय

सुरेखा देवधर बहारीनच्या एका भारतीय शाळेत पी. टी. शिकवायची आणि मुलींची बॅडमिंटनची टीम तयार करायची. १९९३ च्या सुट्टीत ती भावाकडे अमेरिकेत गेली. तिथल्या रानात फिरताना तिच्या मांडीला गोचीड चावली. लाल चट्टा उठला आणि विरला. ती परत आली आणि कामाला लागली. मग ताप येऊ लागला, गुडघा टम्म सुजला, आणि शिट्टी वाजवायचीही ताकद उरेना. बहारीनमध्ये हा आजार कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. खूप महिन्यांनी भावानेच फोनवर गोचिडीपासून होणाऱ्या लाइम आजाराचं नाव सांगितलं. रक्त तपासलं, ते खरं निघालं. अँटिबायोटिक्सने सूज उतरली, पण थकवा आणि अंगदुखी राहिली. गुदैबियातल्या फ्लॅटचे जिने चढताना ती मधेच पायरीवर बसायची.

हॉस्पिटलातले डॉक्टर महमूद सभ्य गृहस्थ होते. सगळे रिपोर्ट स्वच्छ आहेत, जंतू मेलेत, आता आजार नाही, असं त्यांनी सांगितलं. ते त्यांनी सांगितलं गुरुप्रसादला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, ती शेजारच्याच खुर्चीत बसलेली असताना. जाता जाता एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, हेही त्यालाच सुचवलं. गुरुप्रसादने मान डोलावली. ते मान डोलावणं सुरेखा विसरली नाही.

रिफा भागातल्या एका क्लिनिकबद्दल तिला शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं. एका व्हिलात सदानंद नावाचे मुंबईचे गृहस्थ जुनाट आजारांवर उपचार करत. वनस्पतींचा अर्क सलाइनमधून थेट शिरेत सोडायचा, त्याने अंगात साठलेलं विष निघून जातं, असं त्यांचं म्हणणं. सुरेखा पहिल्यांदा गेली तेव्हा त्यांनी तासभर तिचं ऐकून घेतलं. मधे एकदाही घड्याळ पाहिलं नाही. तुमचा आजार खरा आहे, असं ते म्हणाले, आणि परतताना टॅक्सीत तिला रडू फुटलं.

गुरुप्रसादला हे पटेना. "पोटात घेतलेलं औषध वेगळं," तो म्हणाला. "शिरेत नक्की काय सोडणार आहेत, ते तरी विचारलंस का?"

"महमूदने मला वेडी ठरवलं, तेव्हा तू काय विचारलंस?"

 गुरुप्रसाद तिला गाडीने सोडायला तयार होईना. सुरेखाने पर्स उचलली आणि पुन्हा टॅक्सीने रिफाला गेली.

व्हिलाच्या हॉलमध्ये आरामखुर्च्या मांडल्या होत्या आणि एसी गारठवणारा होता. शेजारच्या खुर्चीत एक बाई होती, हाताला सलाइन लावलेलं, बाटलीत कोऱ्या चहासारखं पाणी. दोघींचं बोलणं मराठीतच सुरू झालं. मुनीरा रत्नागिरीकडची, नवरा मुख्तार हिद्दला वेल्डर. बोटांचे सांधे सुजून तिला भाकरी थापता येईनाशी झाली होती. मुख्तार बाहेर गाडीत थांबला होता.

सदानंदांनी सुरेखाला समजावलं की पहिल्या आठवड्यात त्रास वाढेल. वाढला तर समजायचं, विष बाहेर पडतंय. बाकीची सगळी औषधं मात्र बंद करायची.

"आणि त्रास वाढला नाही तर?" तिने विचारलं.

"तर डोस वाढवू."

"मग काही बिघडलंय हे कळणार कसं?"

ते हसले. "शंका घेणाऱ्यांना गुण उशिरा येतो."

हे तिला खटकलं. तरी तिने बाही वर सारली. बरं व्हायची इच्छा इतकी होती की खटकलेलं तिने गिळलं. मदतनीस तिच्या हाताला स्पिरिट लावत होती, तेवढ्यात मुनीराचे दात वाजायला लागले.

आधी वाटलं एसीमुळे. मग तिचं सगळं अंग थडथडा उडू लागलं, ओठ काळसर दिसायला लागले. मला कसंतरी होतंय, हे काढा, असं ती म्हणत होती. सदानंद तिच्या खुर्चीपाशी आले आणि शांतपणे म्हणाले की हे चांगलं लक्षण आहे, विष बाहेर पडतंय, अजिबात घाबरू नका.

सुरेखाने हात सोडवून घेतला. हॉस्पिटलात तिने दुखतं म्हटल्यावर दुखत नाही असं सांगितलं होतं. इथे ही बाई मरायला टेकली होती, आणि सदानंद तिला बरं होतंय असं सांगत होते. दोन्हीकडे बाईच्या तोंडचा शब्द कुणाला नकोच होता. ती उठली आणि मुनीराच्या नळीची चक्री फिरवून बंद केली.

"सुई काढ," ती मदतनीस मुलीला म्हणाली. मैदानावरचा तो आवाज कितीतरी दिवसांनी निघाला होता. त्या मुलीने सदानंदांकडे पाहिलं, मग सुई काढली.

सदानंद दारात आडवे आले. उपचार अर्धवट सोडले तर जबाबदारी तुमची, असं त्यांनी बजावलं.

"माझीच," सुरेखा म्हणाली. "बाजूला व्हा."

स्टँडवरची बाटली तिने काढून घेतली आणि मुनीराला खांद्याचा आधार देत बाहेर नेलं. गाडीत बसलेला मुख्तार गोंधळला. डॉक्टरसाहेब म्हणालेत ना थोडी थंडी वाजेल, असं तो पुटपुटला.

"मुख्तारभाई, ती काय म्हणतेय ते ऐका. डॉक्टरसाहेबांचं राहू द्या."

त्याने बायकोचा चेहरा पाहिला आणि गाडी सुरू केली.

इमर्जन्सीत मुनीराचा ताप भडकला आणि रक्तदाब कोसळला. बाटलीतल्या पाण्यातून जंतू रक्तात गेले होते. बाटलीवर कसलंच नाव नव्हतं. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. काही दिवसांनी ती सावरली. तिथेच तिच्या सांध्यांची नीट तपासणी होऊन संधिवाताचं औषध सुरू झालं. रिफाचा व्हिला मात्र महिन्याभरात रिकामा झाला. सदानंद कुठे गेले, कुणाला कळलं नाही.

मुनीराला इमर्जन्सीत नेल्याच्या पुढच्याच आठवड्यात सुरेखा पुन्हा डॉक्टर महमूदांकडे गेली. गुरुप्रसाद सोबत आला होता. त्याला तिने बाहेरच बसवलं. रिफाचा प्रकार तिच्याकडून ऐकल्यावर, अशा ठिकाणी शिकलेली माणसं जातातच कशी, असं डॉक्टर बोलू लागले. तिने त्यांना थांबवलं.

"तुम्ही ऐकलं नाहीत म्हणून मी गेले," ती इंग्रजीत म्हणाली. "जंतू मेले असतील. मला दुखतंय. आज माझ्याशी बोला, माझ्या नवऱ्याशी नको."

डॉक्टरांनी फाइल मिटली. त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "का दुखतंय, ते मला माहीत नाही."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी तिला खरं सांगितलं होतं. मग दोघं बसून बोलली. झोपेसाठी काय करायचं, वेदना कशी आटोक्यात ठेवायची, व्यायाम कुठून सुरू करायचा. बरी व्हालच असं वचन त्यांनी दिलं नाही, आणि तिने मागितलंही नाही. ती बाहेर आल्यावर गुरुप्रसाद उठून उभा राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी मी तुला विचारायला हवं होतं." ती हो म्हणाली.

ती पूर्ण बरी झाली नाही. काही दिवस चांगले जात, काही दिवस अंथरुणातच. नव्या टर्मला प्रिन्सिपलनी बोलावून लायब्ररीतलं बसून करायचं काम देऊ केलं. मनाने चांगला माणूस होता. सुरेखाने आभार मानून नाही म्हटलं.

"बसायचंच आहे ना?" ती म्हणाली. "मग मी कोर्टाशेजारी बसते."

दुसऱ्या दिवशी तिने शिपायाकडून खुर्ची बॅडमिंटनच्या हॉलमध्ये नेववली, नेटच्या अगदी जवळ, आणि मुलींना सर्व्हिस पुन्हा पहिल्यापासून करायला लावली.