सुटलेला मजकूर

छापखान्यात त्या दोघांना काना-मात्रा म्हणत. काकू उंच, सडपातळ आणि कण्यात ताठ, म्हणून त्या काना. काका जरा गोलसर आणि सदा पुढे झुकलेले, म्हणून ते मात्रा. चिडवण्यासाठी ठेवलेलं हे नाव दोघांनी इतक्या खुशीनं अंगाला लावून घेतलं, की चिडवणाऱ्यांचीच मजा गेली. पुढे छापखान्याची नोकरी सुटली, तरी मुद्रितं तपासायचं काम घरी येत राहिलं. या घरातून परत गेलेल्या पुस्तकात चूक सापडलीच, तर ती लेखकाची असणार, हे प्रकाशकांना अनुभवानं कळून चुकलं होतं.

त्यांची पद्धत जुन्या वळणाची होती. खिडकीला लावलेल्या टेबलाशी दोघं शेजारी शेजारी बसत. काका मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचत, विरामचिन्हांसकट, आणि काकू छापील पानावर नजर रोवून दुरुस्त्या करीत. वाचणाऱ्यानं छापील पान बघायचं नाही आणि तपासणाऱ्यानं हस्तलिखितात डोकवायचं नाही, हा नियम. कारण डोळ्याला दोन्ही दाखवलं, की तो आळशी होतो आणि सगळं बरोबरच आहे असं सांगू लागतो. काका ओळीखाली लाकडी पट्टी धरत, ओळ संपली की ती खाली सरकवत, आणि खून असो की प्रेमपत्र, सारख्याच सपाट आवाजात वाचत. पान उलटताना तेवढी त्यांची नजर विसाव्याला समोरच्या इमारतीच्या सज्जावर जाई. काकूंची तेवढीही जात नसे.

दोघांची गाठ कशी पडली, हा किस्सा त्यांच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावा लागे. काकूंच्या जोडीला वाचणारा म्हातारा वाचक काम सोडून गेला होता आणि काकू एक बोट हस्तलिखितावर, एक बोट मुद्रितावर ठेवून एकट्याच झटत होत्या. एका दुपारी त्या वैतागून समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या, "इथे एखादं माणूस हवं, जे चुकणार नाही आणि कंटाळणार नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खुर्चीवर काका बसलेले. व्यवस्थापकाला वाटलं, यांना बाईंनी आणलं. बाईंना वाटलं, व्यवस्थापकानं नेमलं. लग्न ठरेपर्यंत हा घोळ कोणाच्या लक्षातच आला नाही. लग्नाला काकांच्या बाजूनं कोणी आलं नाही. "माझं असं कोणी नाही," ते म्हणाले होते, आणि काकूंना ते ऐकून इतकं भरून आलं होतं, की त्यांनी पुढे काही विचारलंच नाही.

मूलबाळ झालं नाही. त्याचं वाईट वाटून घेऊन झालं, मग तेही जुनं झालं. "आपण दोघं आहोत ना, पुरे," काकू म्हणत, आणि ते तोंडदेखलं नव्हतं. मधे एकदा त्यांचे डोळे जायची वेळ आली होती. डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात काकांचा हात घट्ट धरून त्या म्हणाल्या होत्या, "मला दुसरं काही नको हो. हे डोळे तेवढे शेवटपर्यंत हवेत." डोळे राहिले. नुसते राहिले नाहीत, तर आता या वयातही त्या बारीक टाइप बिनचष्म्यानं वाचत आणि शेजारणींच्या जिवाची जळजळ करत.

तर अशा या घरात ती कादंबरी आली. लेखिका वयानं लहान, स्वभावानं धांदरट आणि फोनवर आधी हसून मग बोलणारी. कादंबरी अरबी लोककथांच्या धाटणीची, पण सगळा मामला गमतीचा: तांब्याच्या गळक्या सुरईत राहणारा एक आळशी जिन, त्याला राबवू पाहणारी एक अत्तरवाली, आणि उंटाचं घोरणं कानावर पडल्याशिवाय ज्याला झोप येत नाही असा एक सुलतान. जिन सुरईतून निघताना दर वेळी शिंकायचा आणि त्या शिंकेनं बाजारातले तंबू उडायचे. काका ते सगळं "शिंकला, पूर्णविराम, तंबू उडाले, उद्गारचिन्ह" अशा थाटात वाचत, आणि काकूंना हसून हसून ठसका लागे.

असंच एका सकाळी काकांनी वाचलं: "माणसाच्या घरात राहायचं म्हणजे म्हातारं व्हावं लागतं, स्वल्पविराम, आणि जिनाला ते आपोआप जमत नाही, पूर्णविराम. म्हणून तो समोरच्या गच्चीवरच्या खोगीरवाल्याकडे बघून दर वर्षी थोडे केस पांढरे करून घेई, पूर्णविराम. खोगीरवाल्याचा गुडघा धरला, स्वल्पविराम, तसा यानंही पाय ओढायला सुरुवात केली, पूर्णविराम."

काकू खूप हसल्या. छापील पानावर मात्र यातलं अक्षरही नव्हतं. खिळे जुळवणारे जुळारी ओळी गाळतात, त्यात नवल नाही. काकूंनी नेहमीसारखी खूण केली आणि समासात 'सुटलेला मजकूर' असं लिहून तो सगळा भाग सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. हस्तलिखितात डोकावून खात्री करावी असं त्यांच्या मनातही आलं नाही. इतक्या वर्षांत काका एकदाही चुकले नव्हते.

तेवढ्या भागाची तपासलेली पानं गेली आणि आठवड्याभरात लेखिकेचा फोन आला.

"काकू, हा खोगीरवाला कुठून आणलात?" ती हसत म्हणाली.

"कुठून म्हणजे? तुमच्याच कागदातून."

"माझ्या कागदात खोगीरवाला नाहीच. पण राहू दे हं तो. माझ्यापेक्षा झकास लिहिलाय."

काकूंना तोंडात मारल्यासारखं झालं. कोणाच्या पुस्तकात आपल्या हातून पदरचं वाक्य जावं, ही त्यांच्या धंद्यातली सगळ्यात मोठी नामुष्की. काका पिशवी घेऊन बाहेर गेले होते. काकूंनी जोडी जमल्यापासून पहिल्यांदा नियम मोडला आणि हस्तलिखिताचं ते पान काढलं. शिंक होती, तंबू होते, सुलतान होता. खोगीरवाला नव्हता.

त्या पान हातात धरून बसून राहिल्या, आणि बसल्या बसल्या त्यांची नजर खिडकीतून समोरच्या सज्जावर गेली. तिथे बरीच वर्षं एक निवृत्त स्टेशनमास्तर राहत होते. सकाळी आरामखुर्ची टाकून पेपर वाचायचे. काकांच्या आणि त्यांच्या वयात फारसा फरक नसावा, असं काकूंना वाटायचं, कारण दोघांना चष्मा एकाच वर्षी लागला, दोघांचं टक्कल एकाच जागी सुरू झालं, आणि गुडघा तर इतका बरोबरीनं धरला, की काकू गमतीनं म्हणत, दोघांनी मिळून एकच डॉक्टर ठरवा, स्वस्तात पडेल. नुकतेच मास्तर घर सोडून मुलीकडे राहायला गेले होते. सज्जा रिकामा होता.

काकूंनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांना स्वतःचंच हसू आलं. असलं वाचून वाचून माणसाचं डोकं फिरतं ते असं, म्हणून त्यांनी पान जागेवर ठेवलं आणि काका आले तेव्हा त्यांना काहीच बोलल्या नाहीत.

पण दुसऱ्या दिवशी त्यांचं लक्ष छापील पानावर राहीना. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या लाकडी पट्टी बघत होत्या. अत्तरवाली सुलतानाशी घासाघीस करत होती आणि पट्टी ओळीओळीनं खाली सरकत होती. मग पट्टी थांबली. वाचन थांबलं नाही.

"अत्तरवालीचं दोनदा मागून झालं होतं, स्वल्पविराम, पण ते मागणं होतं हे तिला ठाऊक नव्हतं, पूर्णविराम. मीठ आण, साखर आण, हे जिनाच्या हिशेबात धरत नाहीत, अर्धविराम. पोटातून आलेलं तेवढंच धरतात, पूर्णविराम. तिसरं मागणं झालं की जिन मोकळा, पूर्णविराम. म्हणून तो रोज सकाळी विचारी, स्वल्पविराम, अवतरण सुरू, काही हवंय का, प्रश्नचिन्ह, अवतरण बंद. आणि ती म्हणे, काही नको, पूर्णविराम. इतकी समाधानी बाई पदरात पडल्यामुळे बिचारा जिन अडकून बसला, पूर्णविराम."

पट्टी पुन्हा हलू लागली आणि घासाघीस पुढे सुरू झाली. काकांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पानातलं वाचलं काय आणि पानाबाहेरचं वाचलं काय, त्यांच्या लेखी दोन्ही सारखंच असावं. काकूंना छापखान्यातली ती रिकामी खुर्ची आठवली, मग दवाखान्याचा जिना. या वेळी त्यांनी समासात काही लिहिलं नाही.

काम उरकल्यावर काका उठले, खुंटीवरची पिशवी काढली आणि दारात थांबून, संसाराच्या प्रत्येक सकाळी विचारत आले होते तसं त्यांनी विचारलं, "काही हवंय का?"

आजवर या प्रश्नाकडे काकूंनी प्रश्न म्हणून कधी बघितलंच नव्हतं. तो चहासारखा रोजचा होता. आज मात्र त्यांच्या जिभेच्या टोकावर शब्द आले: खरं काय ते सांगा मला. आणि तिथेच त्यांनी ते गिळले, कारण त्या शब्दांइतकं पोटातून आलेलं त्यांच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं. ते मागितलं असतं तर खरं कळलं असतं, आणि सांगणारा राहिला नसता.

"काही नको," काकू म्हणाल्या.

काकांनी मान डोलावली. जाताना त्यांनी हलकेच श्वास सोडला. तो कसला, हे काकूंना दिवसभर ठरवता आलं नाही.

समोरच्या घरात नवा भाडेकरू आला. तरणाबांडच होता, सकाळी सज्जात उभा राहून दंड-बैठका काढायचा आणि मोठ्यानं शीळ घालायचा. काका पान उलटत, वर बघत, पुन्हा वाचत. महिनाभरात त्यांचा गुडघा दुखायचा थांबला. भाजीवाली म्हणाली, "काका, काय खाता तरी काय? तरुण दिसायला लागलात." काका हसले आणि जिना शीळ घालत चढले. त्या संध्याकाळी काकूंना काकांच्या कंगव्यात एक केस सापडला. तो काळाभोर होता.

काकूंचा जीव टांगणीला लागला. हे असं किती दिवस चालणार? आज भाजीवाली हसली, उद्या आणखी कोणी बोट दाखवील, आणि परवा आपण म्हातारी आणि शेजारी हा पोरसवदा नवरा, अशी वरात निघेल. पण खरी भीती ती नव्हतीच. समोरच्या भाडेकरूला कशाचीच ओढ नव्हती, कशाचंच बंधन नव्हतं. त्याच्याकडे बघत राहिलं, तर काका आणखी काय काय शिकतील, ही ती भीती होती. त्या कंगवा धुऊन जागेवर ठेवताना चक्क रडल्या. हा माणूस कुठून का आलेला असेना, त्यांचं त्याच्यावर फार प्रेम होतं.

दुसऱ्या दिवशी काका अंघोळीला गेलेले बघून काकूंनी टेबल खिडकीपासून ओढलं, आपली खुर्ची उचलून खिडकीच्या बाजूला नेली आणि सज्जाकडे पाठ करून ताठ बसल्या. काना तो, समोरचा सज्जा बराचसा झाकला गेला.

"इथे का?" काकांनी येऊन विचारलं.

"पाठीवर ऊन बरं वाटतं," काकू म्हणाल्या. त्यांनी काकांना काही करा म्हटलं नाही, काही सोडा म्हटलं नाही. मागण्यासारखं काही तोंडून निघू नये, इतकंच सांभाळलं.

काका वाचू लागले. पान उलटताना त्यांनी वर बघितलं, आणि समोर काकू होत्या. काकू हसल्या. पुढच्या पानालाही होत्या. त्याच्या पुढच्या पानालाही.

कादंबरी संपत आली तेव्हा काकांची शीळ थांबली होती. एका सकाळी काका चहाचे कप घेऊन आले, तर त्यांच्या उजव्या कानशिलावर एक पांढरी बट आली होती. काकूंना अशी बट पहिल्यापासून होती, डाव्या कानशिलावर. समोर बसून बघणाऱ्याला ती जिथे दिसावी, नेमकी तिथे काकांना आली होती. काकू दचकल्या आणि त्याच वेळी त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी हात पुढे करून ती बट नीट सारली.

त्या दिवशी शेवटचं पान होतं. सुलतानाला झोप लागली, उंटाला बक्षीस मिळालं, सगळे आपापल्या घरी गेले. पट्टी शेवटच्या ओळीखाली थांबली, आणि काका सपाट आवाजात आणखी एकच वाक्य बोलले. "जिनाला काय हवं, स्वल्पविराम, हे विचारायची रीत नव्हती, पूर्णविराम."

काका उठले. पिशवी घेतली. दारात वळून त्यांनी विचारलं, "काही हवंय का?"

काकूंनी लेखणी खाली ठेवली. हे तर मागणं नव्हतं. हे आजवर सुचलं कसं नाही, याची त्यांना लाज वाटली.

"तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला काही हवंय का?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या प्रेमानं, की काकूंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मग त्यांनी मान किंचित कलती केली, काकू करायच्या तशी, ओठ मिटून आधी अर्धं हसू आणलं, काकू आणायच्या तसं, आणि म्हणाले, "काही नको."

कानामात्रेचाही फरक नव्हता.