खंडेनवमीला बाहेर राहिलेली छिन्नी

मी एक छिन्नी. जानेफळच्या लोहाराने मोडक्या पहारीच्या तुकड्यातून मला घडवलं, माझ्या धारेला पाणी दिलं आणि बाजाराच्या दिवशी विळ्या-खुरप्यांच्या शेजारी पोत्यावर मांडलं. माझं तोंड रुंद, कपाळ जाड आणि स्वभाव उतावळा. स्वभाव आधी सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात त्याचाही हात आहे.

शालिग्राम मिस्त्रींनी मला उचललं, धार नखावर फिरवली आणि म्हणाले, "नट तोडाले चांगली हाय." एवढ्या चार शब्दांत माझं आयुष्य ठरलं. बुलढाण्यात कचेरीच्या रस्त्याला त्यांचं टिनाचं दुकान होतं. महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, गावात मोटारी मोजक्याच, पण जीपा आणि ट्रक येत. गंजून बसलेला नट समोर आला की मला हाक. दोन घावांत मी त्याचा निकाल लावत असे. मला त्याचा गर्वही होता.

दुकानात मला एकच हत्यार आवडत नसे, ते म्हणजे हाताने फिरवायचं ड्रिल. फार सावकाश. मोटारीचे दोन पत्रे कारखान्यात एकावर एक ठेवून विजेच्या चिमट्यात दाबतात, तेव्हा वाटाण्याएवढ्या टिपक्यांवर ते एकजीव होतात. मिस्त्री त्या टिपक्यांना टाके म्हणत. वरचा पत्रा सडला की तो काढायचा, पण खालचा चांगला पत्रा शाबूत ठेवायचा, ही खरी कसोटी. त्यासाठी मिस्त्रींनी ड्रिलचं टोक दगडावर घासून जवळजवळ सपाट केलं होतं, मध्ये तिळाएवढा काटा तेवढा ठेवला होता. रंग खरवडून टाका शोधायचा, पंच मारून खूण करायची, मग हळूहळू ड्रिल फिरवायचं. वरचा पत्रा कापला जाई आणि खालच्यावर नुसता ओरखडा उमटे. एका टाक्याला तेवढा वेळ लागे, ज्यात मी पाच नट तोडले असते. मी मनात म्हणे, म्हातारं कुठलं.

एका उन्हाळ्यात समोरच्या घरातली मोटार दुकानात आली. वकील वामनराव यांच्या वडिलांची ती लहानशी इंग्रजी मोटार. वडील गेल्यापासून सहा वर्षं ती छपराखाली उभी होती आणि तिच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. वामनरावांना ती चालू करायची होती ती आईसाठी. त्यांची आई गीताबाई चार वर्षांपूर्वी ओट्यावरून पडल्या होत्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून त्यांना एसटीची पायरी चढता येत नव्हती आणि जीपचे हिसके सोसत नव्हते. गीताबाईंची थोरली बहीण सोजराबाई धाड या गावी राहत असे. तिला गाडी लागायची; एसटीचा धूर नाकात गेला की तिला उलटी होई, म्हणून ती गाव सोडत नसे. दोघी बहिणींची चार वर्षांत भेट नव्हती. मध्ये जेमतेम वीस-बावीस किलोमीटरचा रस्ता.

गीताबाई रोज समोरच्या ओट्यावरून विचारत, "मिस्त्री, चाकं फिरले का?"

"फिरतीन काकू," मिस्त्री सांगत.

आणि चाकं फिरली. इंजिन बोलू लागलं. राहिली होती फक्त दाराखालची सडकी पट्टी. मिस्त्रींनी नवी पट्टी ठोकून तयार ठेवली होती. जुनी टाके सोडवून काढायची, नवी बसवायची, की काम संपलं. गीताबाईंनी धाडला निरोप पाठवला, दसऱ्याला येते.

पण इंजिनाचा एक भाग उशिरा आल्याने आधीच बरेच दिवस गेले होते, त्यामुळे पट्टीचं काम दसऱ्याच्या आदल्या दिवसावर, खंडेनवमीवर येऊन ठेपलं. त्या दिवशी सकाळी मिस्त्रींच्या बायकोने, शालूबाईने, सगळी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडली. ड्रिल, हातोड्या, पाने, कात्री, सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडू. पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी उचलत नाही. मी दोन दिवसांपूर्वीच रंगाच्या डब्यामागे पडले होते. घंटा वाजली, उदबत्तीचा वास आला, प्रसादही वाटला गेला. माझी आठवण कुणालाच झाली नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुपारी वामनराव आले.

"मिस्त्री, आज पट्टी सुटली तं उद्या सकायी नवी बसते. दुपारी आई धाडले पोचते. तिनं लुगडं काढून ठेवलं."

"हत्यारं पूजेत बसले, वकीलसाहेब. पूजा उठल्याबिगर मी हात नाई लावत. उद्या पूजा उठली का मंग टाके सोडतो; कोजागिरीले न्या. चार दिवसाचा तं फरक हाय."

"चार वर्षं झाले तिले धाड पाहून."

वामनरावांनी बसायला जागा करावी म्हणून डबा सरकवला आणि त्यांना मी दिसले. त्यांनी मला उचलून पाहिलं. माझ्यावर कुंकवाचा ठिपका नव्हता.

"हे तं पूजेत नाई बसली," ते म्हणाले.

"तिचं काम नाई हे."

"पत्राच कापाचा हाय ना? ड्रिल कापते, हे बी कापते."

वकील तो वकील. मिस्त्रींनी समोरच्या ओट्याकडे पाहिलं. तिथे गीताबाई पाय लांब करून बसल्या होत्या. हातोडीही पूजेत होती, म्हणून त्यांनी मोटारीच्या डिकीतला चाकाचा जड पाना काढला. आणि मिस्त्रींनी मला हातात घेतलं.

मी किती हरखले होते, ते आठवलं की आज लाज वाटते. पूजेत नाही बसवलं तर नाही, नडीला मीच आले, असं मला वाटत होतं. पहिले अकरा टाके मी पटापट सोडवले. वामनराव म्हणाले, "पाहा, झालं की." मलाही तसंच वाटलं. बाराव्या टाक्याशी दाराचा खांब होता, ज्याच्यावर दाराची बिजागरी बसते. टाका घट्ट होता. पाना माझ्या डोक्यावर तिरका बसला, मी वरच्या पत्र्याखाली शिरले आणि थांबायचं मला कधी शिकवलंच नव्हतं. आतला पत्रा वीतभर फाटला. दार एका बाजूने खाली लोंबलं.

"बस," मिस्त्री म्हणाले. त्यांनी मला खाली ठेवलं आणि बराच वेळ तो खांब हाताने चाचपत राहिले.

दसऱ्याच्या दिवशी गीताबाई नवं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या होत्या. मिस्त्री स्वतः रस्ता ओलांडून गेले आणि सांगितलं, माझी चूक झाली. वामनराव म्हणाले, चूक माझी. गीताबाई एवढंच म्हणाल्या, "सोजरा सडकेवर येऊन बसली असन."

मिस्त्रींनी खांबाला ठिगळ लावलं, ते तडकलं. दुसरं लावलं, तेही दाराच्या वजनाने सुटलं. शेवटी तशाच मोडीत निघालेल्या मोटारीचा खांब अकोल्याच्या भंगारात सापडला. तोवर दिवाळी झाली, संक्रांत झाली. दिवाळीत सोजराबाईला मोठा ताप आल्याची खबर होती, मग उतरल्याचीही. म्हणजे बरी झाली, असंच सगळ्यांनी धरलं.

माघात मोटार निघाली. वाटेत काही बिघडलं तर असावं म्हणून मिस्त्री बरोबर होते आणि त्यांच्या पिशवीत मी. धाडला मोटार अगदी ओसरीला लावली. दोघांनी धरून गीताबाईंना उतरवलं. सोजराबाई खाटेवर बसली होती. तिने गीताबाईंकडे पाहिलं, पदर सावरला आणि अदबीने म्हणाली, "बसा माय. कोन्या गावच्या तुमी?"

"मी गीता व. तुही बहीन, गीता."

"असं का," सोजराबाई म्हणाली. तापानंतर तिला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. "बुलढान्याले माही लहान बहीन रायते. दसऱ्याले येतो म्हने, मोटारीत. आली नाई अजून."

तिने उशाचा डबा उघडला. आत वाळून करकरीत झालेली आपट्याची पानं होती. "हे सोनं तिच्यासाठी ठेवलं. तुमाले देता येत नाई माय, राग नका मानू."

गीताबाईंनी डब्याचं झाकण स्वतःच्या हाताने लावलं. "ठेवा," त्या म्हणाल्या. "येईन थे, तुमची बहीन."

मोटार परत बुलढाण्याला आली. घराशी उतरताना गीताबाईंनी दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "दार मस्त बसलं, मिस्त्री," त्या म्हणाल्या. मिस्त्रींना तोंड वर करता आलं नाही. त्या रागावल्या असत्या तर आम्हा दोघांनाही सोपं गेलं असतं.

मी त्या दिवसाचा पुष्कळ विचार केला आहे. मिस्त्रींनी रीत पुरती पाळली असती, तर गीताबाई कोजागिरीला गेल्या असत्या. रीत पुरती मोडून ड्रिल उचललं असतं, तर दसऱ्यालाच गेल्या असत्या. त्यांनी मधली पळवाट धरली आणि ती पळवाट मी होते. मी हलक्या हाताने काम करू शकत नाही हे मला ठाऊक होतं, पण निवडलं गेल्याच्या आनंदात मी ते विसरले.

आता मी खिडकीत पडून असते. धार बोथट झाली आहे, कुणी लावत नाही. डब्यांची झाकणं उचकटायला मला घेतात, तेवढंच. तक्रार नाही. जे मोटारीचं काम करतात त्यांना एक विनवणी आहे. हत्यार निवडताना कोणतं मोकळं आहे ते पाहू नका, कोणतं त्या कामाचं आहे ते पाहा. ते आज हाती येत नसेल तर गिऱ्हाइकाला चार दिवस थांबा म्हणा. सोजराबाई चार दिवस सहज थांबली असती. ती तर अजून थांबलेलीच आहे.