बिनवासाची बाटली

खरं सांगतो, हे लिहाचंच नव्हतं. एक तर गोष्ट अंगाले लावाच्या लोशनची, त्यात काय लिहाचं? दुसरं म्हणजे तिच्यात जो मूर्खपणा झाला तो हेमराजचा, अन् तो लपून राह्यला असता तर हेमराजचं काही बिघडत नव्हतं. पण मंग आबिदा आपानं जे केलं तेही लपून राह्यलं असतं. ते काही बरं नाई.

साल दोन हजार चार. थंडी अशी का सकाळी तलावावरून धूर निघाल्यासारखं वाटे. भद्रावतीहून आठ किलोमीटरवर हेमराजचं गाव, गावाले मोठा तलाव, अन् तलावावर मासोळ्या धरणाऱ्या ढिवर लोकायची सोसायटी. हेमराज माजरीले ठेकेदाराकडं कोळशाच्या ट्रकावर ताडपत्र्या बांधे. बाप मनसाराम तलावात उतरे. अन् माय गोकुळा जाळं विणे.

आता ‘जाळं विणे’ एवढ्यात ते मावत नाई. जाळं घरोघरच्या बाया विणतात. पण गोकुळाबाईच्या जाळ्याची गाठ पहिली पाहा का हजारावी पाहा, सारखी. बांबूची सुई तिच्या हातात अशी फिरे का पाहणाऱ्याले गाठ कुठी पडली ते समजेच नाई. गडी लोक म्हणत, बाईचं जाळं सोडलं तं पाण्यालेबी कळत नाई. सरपंचाच्या घरात चपला घालून घुसणारे लोक तिच्या अंगणात चपला काढून धागा देत.

होळीच्या आधी तलावाची मोठी ओढ असते. या काठापासून त्या काठापर्यंत एकच जाळं टाकतात, दोन्हीकडून पन्नास माणसं ओढतात. त्या वर्षी जुनं जाळं फाटलं होतं अन् नवं गोकुळाबाईकडं होतं. अर्ध्याच्या वर झालंबी होतं. अन् तिचे हात फुटले.

दिवाळीपासून ती शिंगाडे काढाले कमरेइतक्या पाण्यात उभी राहे. त्यात ही थंडी. बोटाच्या पेरापेरावर भेगा पडल्या. पायाच्या नळीवर पांढरे खवले आले. शेजारची बिजाबाई दातावर मंजन घासता घासता म्हणे, “गोकुळे, मासोळ्या पकडता पकडता तूच मासोळी झाली वो.” गोकुळाबाई हासे. पण जाळ्याचा नायलॉनचा धागा नेमका भेगेत घुसे. गाठ बसाच्या आधी रक्त दिसे.

सोसायटीचा अध्यक्ष दसरूभाऊ एक दिवस आला. चहा प्याला, अन् बशीकडं पाहत बोलला, “वहिनी, नागपूरले मशीनचं तयार जाळं भेटते. आणखी तीन हप्ते वाट पाहतो. नाई जमलं तं तेच आणू. राग नोको मानू.”

गोकुळाबाईनं राग मानला नाई. पण तो गेल्यावर तिनं सुई धाग्यात गुंडाळून वर खुटीले अडकवून देली. हेमराजनं ते पाह्यलं. त्याले समजलं. एकदा का मशीनचं जाळं गावात आलं, का मंग या अंगणात कोणी चपला काढत नाई.

घरात टोरीचं तेल होतं, म्हणजे मोहाच्या बियायचं. आपल्याकडं तेच साऱ्या दुखण्यावर. ते लावलं तं हात मऊ पडत, पण सुई घसरे अन् भेगा तशाच. मंग हेमराजनं आठवडी बाजारातून टीव्हीवर येते तसं गुलाबी लोशन आणलं. गोकुळाबाई खूश. लावलं, अन् वीतभर जाळं विणलंबी.

दुपारी मनसाराम आला. जाळं उचललं, नाकाले लावलं.

“हे जाळं होय का नवरी होय?”

हेमराजच्या लक्षातच नव्हतं. ओढीच्या आधी चार दिवस गडी लोक साबणबी लावत नाई. वासानं मासोळी दूर जाते म्हणतात. जाते का नाई हे पाण्यात जाऊन कोणी पाह्यलं नाई, पण गुलाबाच्या वासाचं जाळं दसरूभाऊ काही हातात घेणार नव्हता. मनसारामनं तेवढा तुकडा दोन दिवस तलावाच्या चिखलात दाबून ठेवला. गोकुळाबाईनं बाटली कोनाड्यात ठेवली अन् परत टोरीचं तेल घेतलं.

मंग हेमराज भद्रावतीले जाफरकडं गेला. जाफर त्याच्यासंग दहावीपर्यंत एका बाकावर होता. बसस्टँडजवळ त्यायचं मेडिकल. गल्ल्यावर जाफर बसे, पण दुकान चाले त्याच्या मोठ्या बहिणीवर. आबिदा आपानं फार्मसी केली होती. तिच्या नावाचं लायसन भिंतीवर काचेत होतं, अन् जाफर त्याच्यावरची धूळ रोज पुसे.

“आपा, एक चांगलं लोशन द्या. बिनवासाचं.”

“कोणासाठी?”

“मायसाठी.”

“मंग आधी हात सांग, बाटली नंतर माग,” आपा बोलली. “कोरडे पडले का फुटले? रक्त येते? पाण्यात किती वेळ असते? रात्री खाजवते? शुगर हाय?”

हेमराजले वाटलं परीक्षाच चालू हाय. त्यानं जेवढं माहीत तेवढं सांगतलं. आपानं सहा बाटल्या काउंटरवर मांडल्या अन् सगळ्यायची तोंडं भिंतीकडं केली.

“समोर फोटो असते,” ती बोलली, “काम मागं असते. हे पाहा. समोर बदाम, केसर, सब कुछ. मागं वाच. पहिले पाणी, अन् बदाम कुठी हाय? एकदम आखरीले, खुशबूच्याबी नंतर. जे जास्त ते पहिले लिहितात. जे नावाले टाकलं ते शेवटी. अन् ज्या बाटलीवर मागं काहीच लिहिलं नाई, ती चूपचाप परत ठेवाची.”

हेमराज पाहतच राह्यला. तो इंग्रजी वाचे पण असं बारीक अक्षर कोणी वाचत असन हे त्याले माहीत नव्हतं. एक गिऱ्हाईक उभ्या उभ्या घाई करून राह्यलं होतं, आपानं त्याले हातानंच थांबवलं. तिनं बोट ठेवून तीन नावं वाचली. ग्लिसरीन. लॅक्टिक अॅसिड. युरिया.

“युरिया?” हेमराज बोलला. “धानाले टाकतो तो?”

“चीज वही, पण दवाईसाठी साफ केलेला, अन् शंभरात दहाच भाग. चमडीत पाणी धरून ठेवते. वरचा कडक थर मऊ करते. मावशीच्या पायाले एकदम बराबर. पण उघड्या भेगेवर नाई, समजला? आधी भेगा भरू दे. बिनवासाची बाटली चंद्रपूरहून येईन, दोन दिवस लागतीन. तवरीक मावशीले घेऊन ये. हात पाह्यल्याशिवाय मी काही देत नाई.”

हेमराज सायकलवर निघाला. आपाचं सगळं बोलणं डोक्यात होतं, पण घर येईपर्यंत त्यातला एकच शब्द उरला. युरिया. घरी माळ्याखाली धानाच्या युरियाचं अर्धं पोतं पडलं होतं. दोन दिवस काऊन थांबाचं?

त्यानं वाटीत टोरीचं तेल घेतलं, मूठभर युरिया टाकला. विरघळेना, तं थोडं गरम पाणी टाकलं. अन् मायच्या हाताले चोळलं.

गोकुळाबाईनं दात आवळले. “झोंबते रे.”

“झोंबते म्हणजे लागू होऊन राह्यलं,” हेमराज बोलला.

हे तो एकटाच म्हणत नाई. आपल्याकडं सारेच म्हणतात. ज्या औषधानं डोळ्यात पाणी आलं नाई ते औषध कायचं? गोकुळाबाईलेबी ते पटलं. तिनंच दुसरा हात पुढं केला.

सकाळी दोन्ही पंजे लाल, सुजलेले. मूठ मिटेना. सुईचं सोडा, लोटा उचलता येईना. तिनं लेकाले एक शब्द बोलला नाई. लेकीले, जयाले, म्हणाली, “पोरी, माही वेणी घालून दे.” हेमराज बाहेर जाऊन सायकल पुसत बसला. सायकल साफच होती.

तिसऱ्या दिवशी दुकानात बाटली आली. हेमराज ती घेऊन गुपचूप निघणार होता. पण आपानं बाटली हातात धरूनच ठेवली.

“मावशी कुठी हाय?”

“कामात हाय.”

“हेमराज.”

बस, नावच घेतलं तिनं. अन् त्यानं सगळं ओकून टाकलं. माळा, पोतं, वाटी. जाफर आधी खो खो हासला, “अबे मायले काय धान समजला का?” मंग हेमराजचं तोंड पाहून गल्ला पुसू लागला.

आपा हासली नाई. चिडलीबी नाई, निदान तोंडानं नाई. तिनं विचारलं, “पू दिसला? ताप हाय?” नाई म्हटल्यावर बोलली, “आज जुम्मा हाय, दुपारी दुकान बंदच राहते. जाफर, लूना काढ. हेमराज, तू सायकलीनं ये. येईपर्यंत विचार करत ये.”

हेमराज घामाघूम होऊन पोहचला तवा आपा अंगणात गोकुळाबाईसमोर बसली होती, हात मांडीवर घेऊन. साध्या पाण्यानं धुतले. एक एक बोट उजेडात धरून पाह्यलं. घाई नाई, अरेरे नाई. मंग साधी पांढरी व्हॅसलिन लावून जुन्या लुगड्याची मऊ पट्टी गुंडाळली.

“मावशी, पाच दिवस हाताले पाणी नाई, तेल नाई, लोशन नाई. हे लावाचं अन् बांधाचं. पू दिसला, का बुखार आला, तं दवाखाना, माह्याकडंबी नाई. बाटली भेगा भरल्यावरच खोलाची. पायाच्या खवल्याले मात्र आजपासून लावा.”

“झोंबन का?” गोकुळाबाईनं विचारलं.

“थोडं चुणचुणलं तं ठीक. झोंबलं तं धुऊन टाका. झोंबणं म्हणजे चमडी ओरडून राह्यली, मावशी. औषध कधी ओरडत नाई.”

मनसाराम खाटेवर बसून हे सगळं शंकेनं पाहून राह्यला होता. आपानं बाटली खोलून थेंबभर आपल्या मनगटाले लावलं अन् हात त्याच्यापुढं केला. “भाऊ, वास घ्या. मासोळी पळन का?”

त्यानं लांबूनच वास घेतला. मंग जवळून. मंग बाटलीचाच घेतला.

“याले तं कायचाच वास नाई. मंग पैसे कायचे घेता?”

सारं अंगण हासलं. गोकुळाबाईबी. हात सुजल्यापासून पहिल्यांदा. जाता जाता आपा जाळ्यापाशी थांबली. त्याचं एक घर, म्हणजे छिद्र, दोन बोटांनी ताणून पाहत राह्यली. “मावशी, गाठ कुठी हाय याची?” गोकुळाबाईनं पट्टी बांधलेल्या हातानं दाखवली. आपानं मान हालवली अन् ओढणी सावरत बोलली, “मी समजत होती बारीक काम मीच करते.”

पाचव्या दिवशी पट्टी सुटली. भेगा बुजल्या होत्या, नवी गुलाबी कातडी दिसे. मंग लोशन, सकाळ संध्याकाळ, हात ओले असतानीच. आठवा दिवस, नववा दिवस. पायाचे खवले आधी गेले. दहाव्या दिवशी गोकुळाबाईनं खुटीवरची सुई काढली.

पण दिवस कमी पडत होते. सगळं जाळं तिच्या हातून झालं नाई, हे खरं हाय. सकाळी दोन तास ती विणे, मंग बोटं दुखत. शेवटचं चार हात लांब जाळं जयानं अन् मनसारामनं विणलं, ती बाजूले बसून. मनसारामच्या गाठी तिनं दोनदा उसवल्या. “चाळीस वर्षं जाळं ओढलं, अन् एक गाठ समजली नाई तुमाले.”

दसरूभाऊ तीन हप्त्यांनी आला, जसा बोलला तसा. जाळं अंगणात पसरलं होतं. त्यानं चपला काढल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, मधून मधून ताणून पाह्यलं, एक ठिकाणी वाकून वास घेतला. शेवटच्या चार हातांवर जरा थांबला. त्याले फरक समजला होता, पण बोलला नाई.

“खालच्या दोरीले शिशाची वजनं बांधा मंग,” म्हणाला. “नागपूरले कोणी जात नाई.”

ओढीच्या दिवशी अर्धं गाव काठावर. जाफर आपासाठी रोहू न्याले आला होता. जाळं काठाले लागलं तसा पाण्यात असा खळखळाट झाला का पोरं ओरडू लागली. गोकुळाबाई वर तलावाच्या पाळीवर, बांधावर, बसून नुसती पाहत होती. हात मांडीवर, उघडे.

तिथीच गावातला म्हातारा चैतूकाका हेमराजजवळ आला. चप्पल काढून टाच दाखवली. भेग अशी का त्यात रुपया उभा राहीन.

“हेमराज, तुह्या मायचे हात पाह्यले बाप्पा. कोणती बाटली ते सांग, मी आजच आणतो.”

मागं आणखी दोन बाया थांबल्या होत्या. हेमराजची छाती फुगली. त्याले बाटलीचं नाव पाठ होतं, मागचं बारीक अक्षरबी पाठ होतं. तोंड उघडलंच होतं, तं जाफरनं त्याच्या शर्टाची कॉलर मागून ओढली अन् बाजूले नेलं.

“सांगणार होता ना?”

“मंग? काम झालं ना तिनं?”

“तुह्या मायच्या हाताचं झालं. चैतूकाकाले शुगर हाय, माहीत हाय तुले? आमच्याच दुकानातून गोळ्या नेतो तो. आपा त्याच्या टाचेले अशी बाटली पाह्यल्याशिवाय देईन का?”

हेमराजनं चैतूकाकाच्या टाचेकडं पाह्यलं. त्याले मायची न मिटणारी मूठ दिसली.

“तू सांगशीन नाव, तो सांगन दुसऱ्याले, अन् तिसरा पोतं खोलन,” जाफर बोलला. “कसम खा बे.”

हेमराजनं हाताचं पाणी पँटीले पुसलं अन् जाफरचा हात धरला. “कोणाले बाटलीचं नाव सांगणार नाई,” तो बोलला. “ज्याले पाह्यजे तो माणूसच आपासमोर आणून बसवीन. चैतूकाकाले उद्या पहिल्या गाडीनं आणतो.”