हयात असल्याचं बटण

आमच्या बाबांना माणसांवर रागावता येत नाही, म्हणून ते वस्तूंवर रागावतात. मिक्सरनं एकदा झाकण उडवून त्यांचा नवा शर्ट रंगवला, तर बाबांनी त्याच्याशी दोन वर्षं अबोला धरला. रेडिओशी त्याहून जास्त. अबोला म्हणजे वस्तू उचलून खणात घालायची, आणि कुणी विषय काढला की चष्म्याची काच पुसत बसायचं. खाली बाबांचं चष्म्याचं दुकान आणि वर ते आणि मी राहतो, त्यामुळे पुसायला काचा भरपूर. राग ओसरला की वस्तू आपोआप खणाबाहेर येते. मध्ये कुणी पडायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त.

ही शिस्त ब्लॉकचेनला कुणी सांगितली नव्हती.

ब्लॉकचेन आमच्याकडे आणली धाकट्या भावानं. शेजारचे काका वारले, तेव्हा त्यांची तीन मृत्युपत्रं निघाली. त्यातल्या एकावर काकांनी चक्क वारल्यानंतर सही केली होती. धाकटा कॉम्प्युटर कंपनीत आहे आणि घरात सगळ्यात जास्त शिकलेला आहे, तेव्हा सल्ला त्याचाच चालतो.

"बाबा, तुमच्या मृत्युपत्राची नोंद एका जागी नाही, हजारो कॉम्प्युटरवर राहील. कुणाच्या बापाला खाडाखोड करता येणार नाही."

"मला?"

"तुम्हालाही नाही."

बाबा खूश झाले. जन्मभर लोकांचे नंबर बदलून देणाऱ्या माणसाला न बदलणाऱ्या गोष्टीचं कौतुक वाटणारच. दुकान आणि वरचं घर, आम्हा तिघा भावंडांना समान वाटे, त्यांच्या पश्चात. मालमत्तेच्या नोंदणी कचेरीनंही ही पद्धत मान्य केलेली होती. दादा, म्हणजे आमचा मोठा भाऊ, म्हणाला, "बाबांची इच्छा तीच माझी इच्छा." दादाची वाक्यं नेहमीच फ्रेम करून लावण्यासारखी असतात.

आता बाबा गेले हे हजारो कॉम्प्युटरना कळणार कसं? त्याचीही सोय होती. दर महिन्याला बाबांच्या फोनवर प्रश्न येणार, 'आपण हयात आहात का?' खाली 'हो' असं बटण. लागोपाठ तीन महिने बटण दाबलं नाही, तर माणूस गेला.

पहिल्या महिन्यात बाबांनी हौसेनं दाबलं. दुसऱ्या महिन्यात कपाळाला आठी घालून दाबलं. तिसऱ्या महिन्यात त्यांचा पारा चढला. "मेलास का, मेलास का म्हणून विचारतंय! यमसुद्धा एकदाच येतो." फोन गेला खणात.

मी मध्ये पडले नाही. धाकट्याला वाटलं, ताई बघत असेल. दादाला काय वाटलं ते पुढे कळलंच.

एका सकाळी बाबा समोर चहा पीत असताना माझ्या फोनवर निरोप आला. 'आपल्या वडिलांच्या निधनाबद्दल आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. मालमत्तेतील आपला हिस्सा आपल्या नावे झाला आहे. अभिनंदन.' मी बाबांकडे पाहिलं. ते बशीत सांडलेला चहा कपात ओतत होते.

ही नोंद ठेवणाऱ्या कंपनीला आम्ही फोन लावला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलत होता. "सर, सिस्टीममध्ये तुम्ही गेलात."

"अहो, मी बोलतोय तुमच्याशी!"

"हो सर. पण नोंद पुसता येत नाही. तीच तर आमची खासियत आहे."

कचेरीतल्या बाईंनी आणखी ज्ञान दिलं. मयताला अर्ज करता येत नाही, वारसांनी करावा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. आमच्या धाकट्यानं बैलासकट बापही रिकामा केला होता.

उपाय एकच होता. तिन्ही वारसांनी आपापल्या फोनवरून संमती द्यायची, की सगळं परत बाबांच्या नावे. मी तिथेच दाबलं. धाकट्यानं रडवेल्या तोंडानं दाबलं. दादा म्हणाला, "रविवारी येतो, मग बघू."

रविवारी दादा आला तो एका माणसाला घेऊन. त्या माणसाच्या हातात मोजायची टेप होती. बाबा काउंटरमागे बसून एका जुन्या फ्रेमला स्क्रू बसवत होते. त्या माणसानं शटरची रुंदी मोजली आणि विचारलं, "हे अक्षरांचे तक्ते काढणार ना? मोबाइलची कव्हरं टांगायला भिंत लागेल."

"दादा, संमती दे आधी," मी म्हणाले.

"देतो गं. पण मी काय म्हणतो, आता परत बाबांच्या नावे करायचं, मग पुन्हा आपल्या नावे. दोनदा खटाटोप कशाला? बाबांना इथून कोण उठवतंय? वर आरामात राहतील. दुकान काय, नाहीतरी पुढे..."

"नाहीतरी पुढे काय?" बाबांनी विचारलं.

टेपवाल्यानं टेप गुंडाळली. धाकटा तक्त्याकडे बघत राहिला. मला दादाच्या मुस्काटात मारावीशी वाटली, आणि मारली नाही याचं अजून वाईट वाटतं.

बाबांनी स्क्रू घट्ट बसवला. फ्रेम उजेडाकडे धरून पाहिली. मग एक काच घेतली आणि पुसायला लागले. पुसतच राहिले. दादा दोनदा "बाबा" म्हणाला, तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं. बाबांनी मान वर केली नाही.

मला तेव्हा कळलं काय चाललंय ते. आजवर हे फक्त वस्तूंच्या वाट्याला आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी खण उघडला, फोन बाहेर काढला, फुंकर मारून खिशात ठेवला. त्याच्यावरचा राग गेला होता. रोजच्या वेळेला त्यांनी शटर वर केलं, खुर्ची पुसली, तक्ता सरळ केला.

थोड्या वेळानं माझा फोन वाजला. दादा होता. "बाबांना दे जरा. माझा फोन उचलत नाहीत."

मी फोन बाबांपुढे धरला. त्यांनी हात पुढे केला नाही.

"त्याला सांग," ते म्हणाले, "नोंद बरोबर आहे. बाबा गेले."