वेशभूषा : मंडळातील सर्वजण

मी एक कात्री बोलतेय. कापड कापायची, आणि डाव्या हाताची. ही दुसरी गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण माझा सगळा राग तिथूनच सुरू होतो. राग आहे, हे मी लपवणार नाही. कुणी गोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल, तर सुईकडे जा. ती सगळ्यांना जोडत बसते.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने घडवलं. माझी बाई त्याच्या दुकानात आली आणि डाव्या हाताची कात्री मागू लागली, तेव्हा तो म्हणाला, "आजवर केली नाही, बाई. कधी कुणी मागितलीच नाही."

"मागता येते हे मलाही इतकी वर्षं माहीत नव्हतं," ती म्हणाली.

त्याआधी ती शर्टांच्या कारखान्यात होती. तिथे उजव्या हाताच्या कात्र्या. त्या डाव्या हातात धरल्या की वरचं पातं नेमकं खडूच्या रेघेवर येतं, म्हणजे जिथे कापायचं तेच दिसत नाही. ती अंदाजाने कापायची. अंगठ्याला घट्टा पडला होता. मला पहिल्यांदा हातात घेऊन तिने जुन्या चादरीवर एक रेघ मारली, कापायला लागली आणि मध्येच थांबली. रेघ दिसत होती. ती एकटीच हसली. ते हसू माझं आहे, ते मी कुणाला देणार नाही.

तिने कारखान्यातून एक वर्षाची सुट्टी काढली होती. तिचा नवरा नाटक मंडळ चालवायचा. नव्या नाटकातले सगळ्यांचे कपडे ती शिवणार आणि पोस्टरवर तिचं नाव येणार, असं दोघांचं ठरलं होतं. ते नाव तिला मिरवायला नको होतं. गावातल्या मोठ्या नाट्यगृहाचा स्वतःचा कपड्यांचा विभाग होता आणि तो सांभाळणाऱ्या बाई फार कडक होत्या. एखाद्या नाटकाच्या पोस्टरवर नाव आल्याशिवाय त्या कुणाला दारातही उभं करत नसत. पोस्टरवर नाव आलं तर पुढचं आयुष्य कापड-खडूत जाणार, नाही आलं तर परत शर्टांच्या कॉलरी.

"नाव काय, चांगलं मोठ्या अक्षरांत टाकू," नवरा म्हणाला होता.

त्याला सगळे दादा म्हणायचे. त्यामुळे ती सगळ्यांची वहिनी झाली. तिला स्वतःचं एक नाव आहे हे फक्त कुरिअरवाल्याला माहीत होतं. दादा वाईट माणूस नव्हता. वाईट माणसावर सूड घेणं सोपं असतं. हा चांगला होता. कला सगळ्यांची असते, असं तो म्हणायचा आणि म्हणताना त्याचे डोळे भरून यायचे. घरात समानता हवी म्हणून बायकोने आपल्याला 'अरे' म्हणावं, असं त्यानेच ठरवलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. चहाची वेळ झाली की ती समानता जरा बाहेर फिरून यायची.

"समानता आणलीस ते बरं केलंस," सासूबाई खिडकीतल्या खुर्चीतून मुलाला म्हणायच्या. "आता येताना ते दोन कपही आण."

तालमी पुढच्या खोलीत चालायच्या. कापायला वेगळं टेबल नव्हतं, जेवायचं तेच. जेवायची वेळ झाली की कापड गुंडाळायचं, ताटं मांडायची. ताटं उचलली की टेबल पुसायचं, वाळू द्यायचं, परत कापड पसरायचं. तेलाचा एक थेंब राहिला तर मखमल गेलीच. तिचं ते वर्ष मला असं आठवतं : एका हातात फडकं आणि दुसऱ्या हातात मी.

आणि ती स्वयंपाकघरात गेली रे गेली, की मंडळी मला उचलायची. माझ्याने तार कापली. तलवारीसाठी पत्रा कापला. एका अभिनेत्याने माझ्याने पायाची नखं काढली, आणि तो त्या नाटकात साधूचं काम करत होता. हे सगळे उजव्या हाताचे. उजव्या हाताने मला चालवलं की दोन्ही पाती एकमेकांपासून लांब ढकलली जातात आणि मधला स्क्रू रोज थोडा थोडा सैल होतो. माझं कंबरडं मोडत होतं म्हणा ना.

"ही कात्री डाव्या हाताची आहे," ती एकदा सगळ्यांसमोर म्हणाली. "ती फक्त कापडाला वापरायची, आणि फक्त मी."

"अगं, कात्री ती कात्री," दादा म्हणाला. "त्यात तुझं-माझं कशाला? इथे सगळं सगळ्यांचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तिने माझ्या मुठीला ओळखीसाठी लाल दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी तो दोरा साधूच्या दाढीला होता.

एवढं सगळं सोसून आम्ही दोघींनी कपडे केले. दासीच्या बाह्या, प्रधानाचा अंगरखा, आणि राजाचा झगा. त्या झग्याबद्दल मला बोललंच पाहिजे. जांभळी मखमल, पाठीवर एकही जोड नाही, खाली जमिनीवर लोळणारा घोळ. शेवटच्या प्रवेशात राजा राज्य सोडून जातो. तो प्रेक्षकांकडे पाठ करून रंगमंचाच्या टोकापर्यंत चालत जातो, एक शब्द न बोलता. म्हणजे शेवटचा प्रवेश राजाचा नाही, झग्याच्या पाठीचा. तिने दोन्ही कुशींच्या, म्हणजे बगलेखालच्या शिवणीत आत भरपूर माया सोडली होती. शिंपी जास्तीच्या कापडाला माया म्हणतात.

"इतकी कशाला गं?" सासूबाईंनी विचारलं.

"राजे बदलतात, आई. नवा राजा जाड निघाला तर नुसतं उसवून सैल करता येईल. कात्री लावायलाच नको."

पोस्टर तिने रस्त्यात पाहिलं, भाजीची पिशवी हातात असताना. वर नाटकाचं नाव. त्याखाली मोठ्या अक्षरांत दादाचं, दिग्दर्शक म्हणून. सगळ्यात खाली एक ओळ होती. वेशभूषा : मंडळातील सर्वजण.

घरी येऊन तिने भाजी निवडली, चिरली, फोडणीला टाकली. मग विचारलं, "माझं नाव?"

"अगं, एकाचं टाकलं की बाकीच्यांना वाईट वाटतं," दादा म्हणाला. "कुणी मिशा चिकटवल्या, कुणी इस्त्री केली. सगळ्यांचा हात लागलाय ना."

"मग दिग्दर्शन?"

"ते वेगळं. तिथे कुणाचं तरी नाव लागतंच."

"बाळा," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मग तुझ्या जन्मदाखल्यावर आईच्या जागी 'इमारतीतील सर्वजण' लिहायला हवं होतं. त्यांनीही बरीच धावपळ केली होती."

दादा हसला. तो विनोदाची कदर करणारा होता. तिने ताटं मांडली. मी टेबलाच्या कडेला पडून होते आणि मला एवढंच वाटत होतं की कुणाचं तरी बोट माझ्या पात्यांमध्ये यावं.

नाटक चाललं. राजा पाठ फिरवून निघाला की लोक टाळ्या वाजवायचे, आणि दादा पडद्याआडून म्हणायचा, "बघा, सर्वजणांचं यश." वर्ष संपत आलं तेव्हा मोठ्या नाट्यगृहाचं बोलावणं आलं. नेमका तेव्हाच राजाचं काम करणारा मुलगा नोकरी लागून दूर गेला. त्याच्या जागी जो आला त्याला सगळे पैलवान म्हणायचे, आणि ते नाव उगाच नव्हतं. झगा त्याच्या पोटावर मिटेना.

प्रयोगाच्या आदल्या दुपारी मंडळी झगा घेऊन तिच्यासमोर उभी राहिली.

"वहिनी, जरा सैल करून द्या ना."

ती मटार सोलत होती. तिने वर पाहिलं. "वेशभूषा सर्वजणांची आहे. सर्वजण करतील."

त्यांना वाटलं चेष्टा आहे. मग कळलं, नाही.

"करू की," दादा म्हणाला, जरा चिडून. "त्यात काय मोठं शास्त्र आहे?" आणि त्याने मला उचललं. उजव्या हाताने.

माणसं अडचणीत आली की 'कात्रीत सापडलो' म्हणतात. त्या दुपारी सर्वजण खरोखर सापडले. पैलवानाला श्वास घ्यायला जागा हवी म्हणून त्यांनी झग्याची पाठ मधोमध कापायची ठरवली. जिथे एकही जोड नव्हता, तिथे. दादा मला दाबत होता आणि मी कापत नव्हते. मखमल माझ्या पात्यांमध्ये दुमडत होती, मी तिला चावत होते, चघळत होते. वर्षभर सैल केलेल्या स्क्रूने मी तेच केलं जे त्यांनी मला शिकवलं होतं. काठ कुत्र्याने ओढल्यासारखा झाला. त्यांनी तो सरळ करायला घेतला, आणि तो आणखी गेला. मग त्या फटीत पडद्याच्या कापडाची पट्टी घातली.

मला वाईट वाटलं का? ती मखमल मी ओळखत होते, आम्ही दोघींनीच तर ती कापली होती. वाटलं. पण वाईट कमी आणि मजा जास्त वाटली, आणि हे सांगताना माझी मान खाली जात नाही.

आतल्या खोलीत तिला माझा आवाज ऐकू येत होता. नीट चालते तेव्हा माझा आवाज कसा येतो, तिला माहीत आहे. तिचा हात शेंगेवर थांबला. एक शब्द पुरला असता. कुशी उसवा, आत माया आहे. बस.

"सांगणार नाहीस?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"नाही."

"बघ हं. झगा तुझा आहे."

"होता," ती म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली.

प्रयोगात शेवटच्या प्रवेशापर्यंत सगळं ठीक चाललं. मग राजाने पाठ फिरवली. आधी कुणीतरी खोकलं, मग मागच्या रांगेतून हसू आलं आणि ते पुढे पुढे सरकत आलं. पैलवान बिचारा भराभर चालू लागला, तशी पट्टी एका बाजूने सुटून मागे लोंबू लागली. राज्य सोडून जाणारा राजा गाठोडं सांडत पळाल्यासारखा दिसला.

पडदा पडल्यावर मोठ्या नाट्यगृहाच्या बाई आत आल्या. मी माझ्या बाईच्या पर्समध्ये होते, पर्सची चेन अर्धी उघडी होती.

"कपडे कुणी केले?" त्यांनी विचारलं.

दादाने क्षणभर सर्वजणांकडे पाहिलं. सर्वजण जमिनीकडे पाहत होते. मग तो म्हणाला, "माझ्या मिसेसने."

ऐकलंत ना? टाळ्या पडत होत्या तेव्हा कपडे सर्वजणांचे. हसं झालं तेव्हा ते मिसेसचे.

ती पुढे आली. तिने भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट केलं. "तिथे लिहिलंय. मंडळातील सर्वजण."

बाईंनी पोस्टर वाचलं. मग त्या दासीकडे गेल्या, तिच्या बाहीचा काठ उलटा केला आणि आतली शिवण बराच वेळ पाहिली. तिथून प्रधानाच्या अंगरख्याकडे गेल्या. "ही बाही आणि हा अंगरखा एकाच हातचं काम आहे," त्या म्हणाल्या. "आणि त्या झग्याची पाठ फाडणारा हात वेगळा. मी पुन्हा विचारते. बाही कुणाची?"

वर्षभर ती ज्या दारापाशी पोचायला धडपडत होती, ते दार तिच्यासमोर उघडं होतं. तिने फक्त 'माझी' म्हणायचं होतं. पण ती 'माझी' म्हणाली असती, तर दादा हसून म्हणाला असता, बघ, शेवटी मिळालं ना नाव, उगाच रुसली होतीस. पोस्टर माफ झालं असतं. तिने दादाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत तेच येऊ घातलं होतं, सुटल्याचं समाधान.

"सर्वजणांची," ती म्हणाली.

बाई निघून गेल्या. दादाचं समाधान डोळ्यांतच राहिलं. त्यानंतर मोठ्या नाट्यगृहाने मंडळाला बोलावलं नाही.

तुम्ही म्हणाल, यात तिला काय मिळालं? वर्ष गेलं, झगा गेला, नाव गेलं, ती परत शर्टांच्या कारखान्यात जाऊ लागली. खरं आहे. मी काही ते गोड करून सांगणार नाही. सूड महाग असतो. तिला ते ठाऊक होतं आणि तरी तिने तो घेतला. एवढ्यासाठी मी तिची आहे.

आता मी सासूबाईंच्या खोलीत राहते. त्यांनी स्वतःचा पलंग भिंतीला सरकवून एक टेबल आत घेतलं आणि दादाला सांगितलं, "ही खोली सर्वजणांची नाही." माझ्या कारागिराने स्क्रू नवा घातला, पाती पुन्हा जुळवली. पत्र्याने पडलेल्या खाचा काही गेल्या नाहीत. संध्याकाळी ती कामावरून येते, दार लोटून घेते आणि एका नव्या कापडावर खडूने रेघा मारते. ते कुणासाठी आहे, हे तिने सासूबाईंनाही सांगितलेलं नाही.

परवा दादा दारात आला. हातात नव्या नाटकाचं पोस्टर होतं. त्यात वेशभूषेच्या पुढे तिचं पूर्ण नाव होतं, चांगल्या मोठ्या अक्षरांत. त्या नाटकासाठी तिने एक टाकाही घातलेला नव्हता.

"वाच ना," तो म्हणाला. आवाज मऊ होता. मला वाटतं, त्याला खरंच बरं वाटत होतं.

तिने वाचलं. पोस्टर टेबलावर सपाट केलं आणि मला उचललं. कागदाने माझी धार जाते हे तिच्याइतकं कुणाला कळतं? तरी तिने मला चालवलं आणि मी चालले, चारही बाजूंनी, सरळ, एकाही ठिकाणी न अडखळता. पोस्टरमधून तिचं नाव अलगद बाहेर आलं.

"हे माझं आहे," ती म्हणाली. "बाकीचं घेऊन जा."

ते पोस्टर त्याने तसंच कोपऱ्यावर लावलंय, असं सासूबाई सांगतात. दुसरं छापायला वेळ नव्हता. वेशभूषेपुढच्या भोकातून मागची भिंत दिसते.

बरं, येते मी. निघताना एकच सांगते. तुमच्याही घरात, एखाद्या खणात, सगळ्यांची म्हणून वापरलेली कुणीतरी पडली असेल. ती कापेनाशी झाली म्हणून निर्धास्त राहू नका. ती अजून चावते.